दुधाचा दात पडायच्या आधीच पक्का दात आला तर?

बचत गटाच्या बैठकीत पहिला विषय हजेरीचा, दुसरा बचत गोळा करण्याचा, तिसरा कर्जाच्या हप्त्यांचा. चौथा विषय कागदावर कधीच नसतो. आपण पदर झटकून उठायला लागलो की तो निघतो. आज मी बोलणार आहे तो विषय असाच उठता उठता निघालेला आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. कराडजवळच्या एका गावात बैठक आटोपून मी वह्या पिशवीत भरत होते. गटातली एक तरुण सून पोरीला घेऊन मागे थांबली. पोरगी अंगणवाडीत जाणारी, पावणेपाच वर्षांची. आईनं तिला उजेडाकडे तोंड करून 'आ' करायला लावलं. खाली पुढचे दोन दुधाचे दात जागच्या जागी होते, आणि त्यांच्या मागं, जिभेच्या बाजूला, आणखी दोन दात डोकं वर काढत होते. रुंद, जरा पिवळसर, वरची कड करवतीसारखी.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, आदत पोरगी दुसा झाली बघा. आता ही लवकर शानी हुनार. आमच्या घरात असलं कवा झालं न्हाई."

ज्यांच्या घरात बैलगाडी शर्यतीचा नाद आहे त्यांना हे लगेच कळलं असेल. बैलाचे दुधाचे दात असेपर्यंत तो आदत, पक्क्या दातांची पहिली जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा. बाजारात दात बघूनच वय ठरतं. तोच हिशोब आजींनी नातीला लावला होता. दात लवकर म्हणजे पोरगी लवकर वयात येणार, म्हणजे लवकर लग्नाला आली, असा तो पुढचा विचार. आजी तोंडानं एवढंच बोलल्या, पण सुनेच्या चेहऱ्यावर पुढचं सगळं दिसत होतं. तिला शेजारणीनं आणखी एक सांगून ठेवलं होतं, की मुंबईला एका पोराच्या जबड्यातून दोनशेच्या वर दात काढले होते, तसलं काही असेल.

या दोन्ही भीतींचं उत्तर देते, पण त्याआधी एक काम करूया. रेडिओवर मला तुम्हाला तोंड उघडून दाखवता येत नाही, म्हणून तुम्ही तुमच्या जिभेनंच मोजा. खालच्या पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीवर जिभेचं टोक ठेवा. आता उजवीकडे चला. पहिला दात, दुसरा दात, तिसरा टोकदार सुळा. चौथी आणि पाचवी लहान दाढ. आणि सहावी? ती मोठी दाढ. ती आहे का तुमच्याकडे? भरलेली आहे, अर्धी तुटलेली आहे, की तिथं जिभेला नुसती हिरडी लागते? आता डावीकडे मोजा.

माझी उजवीकडची नाही. त्याची गोष्ट पुढं सांगते.

लहान मुलाला दुधाचे दात 20 असतात, वर 10 आणि खाली 10. पहिला दात साधारण 6 महिन्यांचा असताना येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. त्यांचीही मोजणी मधल्या फटीपासून करा. एका बाजूला पाचच भरतात: दोन पुढचे, एक सुळा, दोन दाढा. म्हणून लक्षात ठेवायला सोपं आहे. मुलाच्या तोंडात मध्यापासून सहावा दात दिसला की तो दुधाचा नाही. तो पक्का आहे, आयुष्यभराचा आहे. साधारण सहाव्या वर्षी येतो आणि जागाही सहावी. म्हणून आपण तिला सहावी दाढ म्हणू.

फसवणूक इथंच होते. पुढचा दात पडतो, पोर हसलं की खिंडार दिसतं, आजी तो पडलेला दात कौलावर टाकते, सगळ्या घराला कळतं की आता पक्के दात यायला लागले. सहावी दाढ मात्र कुठलाच दात न पाडता येते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं मोकळ्या हिरडीतून ती गुपचूप वर येते. थोडी हिरडी दुखते, दोन दिवस पोर भाकरी चावायला कुरकुर करतं, झालं. आपण समजतो, लहानच आहे अजून, दाढा दुधाच्याच असणार. ती किडली तरी आपण म्हणतो, "पडायचीच आहे."

माझ्या बाबतीत हेच झालं. मी 9 वर्षांची असताना उजवी दाढ ठणकायला लागली. लवंग ठेवली, तंबाखूची मिश्री लावली, गाल सुजला तेव्हा ती काढून टाकली. "दुधाची होती, आता पक्की येईल," असं आई म्हणाली आणि वाट बघायला लागली. माझी आई अडाणी नव्हती, सातवी शिकलेली होती. पण तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. अधूनमधून ती मला तोंड उघडायला लावायची आणि बोटानं हिरडी चाचपायची. मी बी.ए.ला असताना एकदा तिनं असंच विचारलं, "आली का गं ती दाढ?" मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलली, वरची खाली उतरली, आणि मी आजही शेंगदाणे डावीकडूनच चावते.

आता त्या पावणेपाच वर्षांच्या पोरीकडे येऊ. पुढचे खालचे पक्के दात साधारण 6 ते 7 वर्षांच्या दरम्यान येतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ते सरासरीचं गणित आहे. सगळ्यांच्या शेतातला ऊस एकाच दिवशी तोडणीला येत नाही. कुणाला साडेचारला येतात, कुणाला साडेसातला, आणि दोघंही धडधाकट असतात. मुलींचे दात मुलांपेक्षा काही महिने आधी येतात. आई किंवा बापाचे लवकर आले असतील तर लेकरांचेही लवकर येतात, म्हणून "आमच्या घरात असलं कवा झालं न्हाई" हे माहेरीही विचारून बघावं लागतं. त्या सुनेनं आईला फोन लावला तर आई म्हणाली, "अगं, तुझे तर बालवाडीत असतानाच आले होते." अंगानं भरलेल्या मुलांचे दात थोडे लवकर येतात आणि उपाशीपोटी वाढलेल्या मुलांचे मागे पडतात, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे.

आणि वयात येण्याचं काय? बैलाचा हिशोब इथं चालत नाही. दातांचं घड्याळ आणि पाळी येण्याचं घड्याळ वेगवेगळं चालतं. त्यांचा संबंध इतका सैल आहे की दात बघून पाळीचा अंदाज बांधता येत नाही. पूर्वी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरता आला की पोराला शाळेत घालायचे, तसाच हा ढोबळ अंदाज. इंग्लंडमध्येही एकेकाळी कापडगिरण्यांत 9 वर्षांखालच्या पोरांना कामाला लावू नये असा कायदा झाला, पण जन्माचे दाखले कुणाकडे होते? तेव्हा 1837 साली एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं हजारभर पोरांचे दात तपासून मांडलं की उंचीपेक्षा दातांवरून वय जास्त बरोबर कळतं. बरोबर, पण अंदाजच तो. ज्या पोराचे दात निसर्गानंच लवकर आले ते त्या मोजणीत मोठं ठरणार आणि लवकर कामाला जुंपलं जाणार. आपण निदान तेवढं तरी करू नये. आज जन्माचा दाखला घरात असताना पोरीचं वय तिच्या दातांवरून कशाला ठरवायचं?

मागच्या रांगेचंही कारण साधं आहे. पक्का दात खालून वर येताना दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवतो. म्हणून पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ दिसत नाही, आणि आपल्याला वाटतं तो मोडला. खालचे पुढचे पक्के दात मुळातच जिभेच्या बाजूला तयार होतात. कधी कधी ते मूळ न विरघळवता मागूनच वर येतात. मग दोन रांगा दिसतात. बहुतेक वेळा दुधाचा दात थोड्या दिवसांत हलायला लागतो, पडतो, आणि जीभच मागच्या दाताला ढकलून पुढं आणते. पोराला स्वच्छ बोटानं दात हलवू द्या, गाजर, काकडी, भाकरीची कड चावू द्या. दोरा बांधून दाराला अडकवायची गरज नाही. दोन-तीन महिन्यांत दुधाचा दात हललाच नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा. वरचे पुढचे दात मागून आले तर एवढीही वाट बघू नका, कारण ते खालच्या दातांच्या मागं अडकून बसतात.

ती मुंबईची गोष्ट खरी आहे. 2014 साली जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या 17 वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून 232 दातांसारखे तुकडे काढले होते. पण ती जबड्यातली गाठ होती, गालावर सूज होती, आणि असं फार म्हणजे फारच क्वचित होतं. दोन जागचे दोन दात मागून येणं वेगळं. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, किंवा दात घेऊन जन्मलेलं बाळ अपशकुनी, हेही मनातून काढून टाका. जन्मतः दात असलेली बाळं दोन-तीन हजारांत एखादं असतंच. तो बहुतेक वेळा दुधाचाच दात असतो, थोडा घाईत आलेला. तो फार हलत असेल तर श्वासनळीत जायची भीती म्हणून डॉक्टरांना दाखवायचं. मामानं काही करायचं नाही.

आम्ही पोरीला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मी, ती सून आणि आजी. आजी मुद्दाम आल्या, सुनेवर विश्वास नव्हता म्हणा किंवा नातीची काळजी म्हणा, दोन्ही असेल. डॉक्टरबाईंनी पुढच्या दातांकडे अर्धा मिनिट बघितलं. म्हणाल्या, "हे छान आहेत, थांबा थोडं." मग त्यांनी आरसा आत घातला आणि बराच वेळ मागच्या दाढा बघत बसल्या. डावीकडच्या दोन दुधाच्या दाढा किडलेल्या होत्या, एकीची कीड खोल गेलेली. आम्ही सगळ्या पुढच्या दोन दातांकडे बघत बसलो होतो. मागं कुणी बघितलंच नव्हतं.

इथं आजींनी विचारलेला प्रश्न सगळ्याच घरांत विचारला जातो. "दुधाच्या दाढा, पडनारच हायत. काढून टाका की." डॉक्टरबाईंनी नीट सांगितलं. दुधाच्या दाढा पुढच्या दातांबरोबर पडत नाहीत. त्या 10 ते 12 वर्षांपर्यंत लागतात. म्हणजे या पोरीला अजून पाच-सहा वर्षं त्यांच्यावर जेवायचं आहे. शिवाय ती दुधाची दाढ खालच्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवते. ती लवकर काढली की मागून येणारी सहावी दाढ पुढं सरकते, जागा बुजते, आणि पुढं येणारा दात वाकडातिकडा येतो किंवा आतच अडकतो. काढावीच लागली तर जागा राखायला तारेची छोटी पट्टी बसवतात.

आणि लवकर दात येण्याचं एक वाईट कारण इथंच दडलेलं आहे. दुधाच्या दाढेखाली पू झाला की तिथलं हाड विरघळतं, खालच्या पक्क्या दाताची वाट मोकळी होते आणि तो वेळेआधीच वर येतो. त्याचं मूळ तयार झालेलं नसतं, म्हणून तो हलतो. काही वेळा त्या पुवामुळं त्याच्यावर डागही पडतात. तेव्हा एकाच बाजूची एकच दाढ वेळेआधी दिसली तर "लवकर आली, बरं झालं" म्हणू नका. तिच्या जागेवर आधी काय झालं होतं ते आठवा.

उपचार ठरला. एका दाढेची आतली नस साफ करून वर स्टीलची टोपी, दुसरीत सिमेंट भरायचं. तीन-चार फेऱ्या. पैसे हवे होते दोन हजार. सुनेनं गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं आणि पुढच्या बैठकीत जी चर्चा झाली ती मी सहयोगिनी झाल्यापासून ऐकलेल्या चांगल्या चर्चांपैकी एक होती. शेळीला कर्ज, बियाण्याला कर्ज, पिठाच्या गिरणीला कर्ज, हे आपल्याला पटतं. एक मावशी म्हणाल्या, "पडनाऱ्या दाताला पैसं घालायचं म्हंजे पाडायच्या घराला रंग द्यायचा." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ती सून, जी बैठकीत कधी बोलत नाही, ती म्हणाली, "मावशी, पाडायचं हाय, पन त्या घरात अजून सहा वर्षं राहायचं हाय." कर्ज मंजूर झालं. नेहमीच्याच व्याजानं, चार हप्त्यांत.

आता घरी काय करायचं ते सांगते. नवीन आलेला पक्का दात कोवळा असतो. बाहेरून टणक दिसला तरी त्याचं वरचं कवच पहिली दोन-तीन वर्षं पुरतं पक्कं झालेलं नसतं आणि दाढेच्या खाचा खोल असतात. मूळ तर दात बाहेर आल्यावरही तयार होत राहतं, सहाव्या दाढेचं मूळ 9-10 वर्षांपर्यंत पुरं होतं. म्हणून किडायचा धोका याच वर्षांत जास्त, आणि नस दुखावली तर उपचारही अवघड. वर येता येता ही दाढ शेजारच्या दाढेपेक्षा खुजी असते, सरळ ब्रश तिच्यावरून निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घालून तिच्या माथ्यावर घासायचा. मूल 7-8 वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश आईनं किंवा आजीनं हातात घ्यायचा. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. थुंकायला शिकवा. पोराला मिश्री कधीच नाही. ती जाळलेली तंबाखूच असते, आणि दात शिवशिवतो म्हणून आजीच्या डबीतून लावलेली चिमूट पुढं सवय होते. मी स्वतः ती सवय कॉलेजात असताना सोडली, म्हणून सांगते.

गुळाच्या मुलखात राहून गुळाचं वाईट कसं बोलू? पण गूळही साखरच आहे. उसाचं कांडं, चहातलं बिस्कीट, पाच रुपयांचा पुडा, यातलं किती खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं याला दात जास्त घाबरतात. जेवणाबरोबर गुळाचा खडा खाल्ला तर ठीक, दिवसभर तोंडात काहीतरी चघळत राहिलं तर नाही. रात्री ब्रश केल्यावर फक्त पाणी.

सहावी दाढ पुरती वर आली की तिच्या खाचा भरून घेता येतात. त्याला टोचावं लागत नाही, कोरावं लागत नाही, एक पातळ थर लावतात. कराडकरांना मलकापूरला कृष्णाचं दंत महाविद्यालय जवळ आहे, सांगलीकडच्या बहिणींना भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरचं. कॉलेजच्या दवाखान्यात वेळ जातो, पण खर्च बाहेरच्यापेक्षा सहसा कमी येतो. कराडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जा. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्या यादीत दातांचे आजारही आहेत. पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारा, त्या दिवशी पोराला शाळेत पाठवा, आणि "दातही बघा" असं मुद्दाम सांगा.

काळजी कधी करायची? चार वर्षांच्या आत पक्के दात यायला लागले तर. कीड नसताना, पडलं-आपटलं नसताना, पाच वर्षांच्या आत दुधाचे दात हलायला-पडायला लागले तर. एकाच बाजूचे दात फार आधी आले आणि त्या बाजूचा गाल किंवा हिरडी सुजलेली, लाल-जांभळी असेल तर. लवकर दात येण्याबरोबर मूल सुकत असेल, घाम आणि धडधड असेल तर थायरॉइडची तपासणी लागते. आणि 8 वर्षांच्या आत मुलीची छाती वाढायला लागली, किंवा 9 वर्षांच्या आत मुलात वयात येण्याची लक्षणं दिसली, तर दात काहीही म्हणोत, बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. त्यावर उपचार आहेत. त्यात लाजण्यासारखं, लपवण्यासारखं काही नाही आणि लग्नाशी त्याचा काही संबंध नाही.

त्या पोरीचा पहिला दुधाचा दात दिवाळीच्या आधी भाकरीबरोबर पोटात गेला. दुसरा आजींनी कौलावर टाकला. मागचे दोन्ही दात पुढं सरकलेत. कर्जाचे चार हप्ते वेळेत आले.

तिसऱ्या हप्त्याच्या बैठकीत बाकीच्या बायका आपापली पोरं घेऊन आल्या. मोबाईलचा टॉर्च लावून आम्ही मध्यापासून एक, दोन, तीन मोजत बसलो. सहा ते आठ वर्षांची सात पोरं होती. पाच जणांची सहावी दाढ आलेली होती आणि एकीलाही माहीत नव्हतं. पाडायच्या घराला रंग म्हणणाऱ्या मावशींच्या नातवाच्या दाढेवर काळी रेघ दिसली. त्याला येत्या सोमवारी घेऊन चाललोय.